दोन जागांचा सौदा

निवडणुका जवळ आल्या की राजकीय पक्षांना अल्पसंख्य समाजांची आठवण होते, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. वस्त्यांतून सभा होतात, त्या समाजातील चार प्रतिष्ठितांबरोबर छायाचित्रे काढली जातात, जाहीरनाम्यात एखादा परिच्छेद वाढतो. विद्वानही मग याच पातळीवर चर्चा करू लागतात: पक्षाने काय बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे, वंशाचा उल्लेख करावा की टाळावा. आम्हांला मात्र या सगळ्यात नेहमी वेगळाच प्रश्न कळीचा वाटत आला आहे. पक्षाच्या आत बसायला जागा कुणाला मिळते, आणि त्या जागेवर कुणी बसायचे हे कोण ठरवते? अमेरिकेच्या इतिहासात हा प्रश्न १९६४ सालच्या ऑगस्ट महिन्यात न्यू जर्सी राज्यातील अ‍ॅटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात जितका उघडावाघडा पुढे आला, तितका क्वचितच आला असेल. त्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा पाहावे असे वाटते.

त्याआधीची थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी नीग्रो लोकांना दास्यातून मुक्त केले म्हणून. फुल्यांनी ही अर्पणपत्रिका लिहिली तो काळ खरोखरच आशेचा होता. गुलामगिरी १८६५ साली घटनादुरुस्तीने संपली होती, १८७० साली मताधिकारात वंशाचा अडसर ठेवू नये अशी दुरुस्ती झाली होती, आणि त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला गेला होता. तो रिपब्लिकन होता. लिंकनचा पक्ष तो काळ्यांचा पक्ष, असे समीकरण तेव्हा होते आणि त्यात खोटे काही नव्हते. पण 'गुलामगिरी' प्रसिद्ध होऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १८७७ साली, दक्षिणेतून उरलेसुरले संघसरकारचे संरक्षण काढून घेण्यात आले. अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून रिपब्लिकन पक्षाने दिलेली ती किंमत होती. पुढे १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्यात मतदानासाठी कर होता आणि राज्यघटनेचे एखादे कलम वाचून वा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा होती. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून गोरा असे. तेव्हा कोण उत्तीर्ण होई हे सांगायला नको.

दक्षिणेत मत नाही, उत्तरेत मत आहे पण ते लिंकनच्या पक्षाला ठरलेले, अशी काळ्या मतदाराची स्थिती पुढची पन्नास वर्षे राहिली. ठरलेल्या मताची किंमत शून्य असते. दक्षिणेतील रिपब्लिकन पक्षात तर 'निखळ गोऱ्या' गटाने काळ्या कार्यकर्त्यांना पद्धतशीर बाजूला सारले. १९३६ साली हे मत मोठ्या प्रमाणावर डेमोक्रॅट रूझवेल्टकडे वळले, ते मंदीच्या काळात सरकारी कामावर मजुरी मिळाली म्हणून. रूझवेल्टने वंशाविषयी फारसे काही बोलल्यामुळे ते वळले नव्हते. लिंचिंगविरोधी विधेयकामागे तो कधी ठामपणे उभा राहिला नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले, आणि दक्षिणेत ही दोन्ही कामे प्रामुख्याने काळी माणसेच करीत. रूझवेल्टचा पक्ष हा शिकागोच्या काळ्या मजुराचा आणि मिसिसिपीच्या गोऱ्या जमीनदाराचा, असा एकाच वेळी दोघांचा पक्ष होता. अशा घरात दोन भाषा बोलाव्या लागतात.

त्या दोन भाषांचा नमुना म्हणून १९६० ची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. निवडणुकीला काही दिवस उरले असताना मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात होते. वाहनविषयक किरकोळ गुन्ह्याच्या जुन्या शिक्षेचे निमित्त करून त्यांना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली गेली होती. जॉन केनेडीने किंग यांच्या पत्नीला, कोरेटाबाईंना, फोन करून सहानुभूती व्यक्त केली. प्रतिस्पर्धी निक्सन गप्प राहिला. किंग सुटले. त्यांचे वडील तोवर निक्सनच्या बाजूचे होते, कारण केनेडी कॅथलिक. त्यांनी आपले मत बदलल्याचे जाहीर केले. केनेडीच्या माणसांनी मग निळ्या कागदावर एक पत्रक छापले आणि मतदानाआधीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चांच्या दारांत त्याच्या लाखो प्रती वाटल्या. गोऱ्या वृत्तपत्रांना त्याचा फारसा पत्ता लागला नाही आणि तो लागू नये अशीच व्यवस्था होती. केनेडी सव्वा लाखांहून कमी मताधिक्याने निवडून आला. एका फोनने अध्यक्षपद मिळाले, अशी आख्यायिका नंतर झाली. आम्हांला त्यातला फोन तितका महत्त्वाचा वाटत नाही. पत्रक एका समाजाला दिसावे आणि दुसऱ्याला दिसू नये, यासाठी घेतलेली काळजी अधिक बोलकी आहे. आणि एक गोष्ट विसरू नये: त्या निवडणुकीतही सुमारे बत्तीस टक्के काळी मते निक्सनला पडली होती. १९५६ साली आयझेनहॉवरला तर एकोणचाळीसच्या आसपास पडली होती. म्हणजे दोन्ही पक्षांना दार उघडे होते.

आता अ‍ॅटलांटिक सिटीकडे वळू.

मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजेच राज्य होते, आणि त्या पक्षाच्या सभांना काळ्यांना प्रवेश नव्हता. १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्क कार्यकर्त्यांनी एक साधी युक्ती केली. काळी माणसे पक्षाच्या प्रभागसभांना गेली. कुठे दार बंद मिळाले, कुठे जागाच बदललेली, कुठे आत घेऊन बोलू दिले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या सभा घेतल्या, सर्वांना खुल्या, पक्षाच्या नियमांनुसार; खालपासून वरपर्यंत प्रतिनिधी निवडले आणि 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' या नावाने अडुसष्ट जणांचे मंडळ राष्ट्रीय अधिवेशनाला नेले. आम्हीच या राज्यातले खरे डेमोक्रॅट आहोत, अधिकृत मंडळाच्या जागा आम्हांला द्या, एवढीच मागणी. हा उन्हाळा रक्ताचा होता. जूनमध्ये तीन तरुण कार्यकर्ते, एक काळा आणि दोन गोरे, नाहीसे झाले आणि ४ ऑगस्टला मातीच्या एका बांधाखाली त्यांचे मृतदेह सापडले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांच्या आत हे मंडळ अ‍ॅटलांटिक सिटीत होते.

२२ ऑगस्टला पात्रता तपासणी समितीपुढे फॅनी लू हेमर यांची साक्ष झाली. हेमरबाई सनफ्लॉवर परगण्यातल्या; वीस भावंडांतल्या शेवटच्या; गोऱ्या मालकाच्या कापसाच्या मळ्यावर बटाईने राबलेल्या. १९६२ च्या ऑगस्टअखेर त्या सतरा जणांबरोबर मतदार म्हणून नाव नोंदवायला परगण्याच्या गावी गेल्या. परत आल्या तेव्हा मालकाने सांगितले, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला. पुढच्या वर्षी विनोना गावी बसथांब्यावर त्यांना अटक झाली आणि कोठडीत दोन काळ्या कैद्यांकरवी त्यांना इतके मारविण्यात आले की त्या दुखण्यातून त्या कधीच पुरत्या बऱ्या झाल्या नाहीत. हे सगळे त्यांनी समितीला सांगितले, कागद न वाचता. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावले, त्यामुळे दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. पण संध्याकाळच्या बातम्यांत साक्ष दाखवली गेलीच आणि देशभरातून तारांचा पाऊस पडला.

जॉन्सनची अडचण समजून घेतली पाहिजे. आम्ही त्याला खलनायक मानत नाही. महिन्यापूर्वीच, २ जुलैला, त्याने नागरी हक्क कायद्यावर सही केली होती, आणि त्या कायद्यासाठी त्याच्याइतकी खटपट कोणत्याही अध्यक्षाने केली नव्हती. मिसिसिपीचे अधिकृत मंडळ उठून गेले तर त्याच्यामागे सबंध दक्षिण उठेल, ही त्याची भीती होती. १९४८ साली तसे घडलेही होते: ट्रुमनच्या पक्षाने नागरी हक्कांचा ठराव करताच दक्षिणेतील काही प्रतिनिधी बाहेर पडले आणि स्ट्रॉम थर्मंडने स्वतंत्र उमेदवारी करून चार राज्ये जिंकली होती. तेव्हा जॉन्सनने तडजोड पुढे केली. तो ठराव १९४८ साली पुढे रेटणारा ह्यूबर्ट हम्फ्री आता उपाध्यक्षपदाचा उमेदवार व्हायला उत्सुक होता. समेटाचे काम त्याच्याकडेच आले. आणि दुसरीकडे एफबीआय या काळ्या प्रतिनिधींची संभाषणे चोरून ऐकून ती अध्यक्षांपर्यंत पोचवीत होती. पक्षाने आपल्याच पाहुण्यांच्या भिंतींना कान लावावेत, यावर अधिक भाष्य नको.

तडजोड अशी. अधिकृत मंडळ कायम राहील, मात्र त्याने पक्षाच्या उमेदवाराशी निष्ठेची शपथ घ्यावी. फ्रीडम पार्टीला दोन जागा मिळतील, त्याही मिसिसिपीच्या म्हणून नव्हेत, सर्वसाधारण. १९६८ पासून वंशभेद करणारे मंडळ अधिवेशनात घेतले जाणार नाही. आणि त्या दोन जागांवर कोण बसेल हेही ठरवून टाकलेले होते: औषधविक्रेते अ‍ॅरन हेन्री आणि गोरे धर्मोपदेशक एड किंग. एक काळा, एक गोरा. हेमरबाई त्यांत नव्हत्या.

यावर रात्रभर वाद झाला. तडजोड घ्यावी असे म्हणणाऱ्यांत किंग होते, बायर्ड रस्टिन होते, कामगार संघटनांचे नेते होते. रस्टिनचे म्हणणे हलके नव्हते. निदर्शनांचा काळ संपून राजकारणाचा काळ सुरू होत आहे, आणि राजकारणात मित्र टिकवायचे तर अर्धी भाकरी घ्यावी लागते. पुढच्या अधिवेशनाविषयीचे आश्वासन ही खरोखर मोठी कमाई होती, हेही खरे. पण मळ्यांवरून, छोट्या गावांतून आलेल्या प्रतिनिधींनी ती नाकारली. एवढ्या लांबून आम्ही दोन जागांसाठी आलो नाही, कारण आम्ही सगळेच थकलेलो आहोत, असे हेमरबाईंचे म्हणणे सर्वत्र सांगितले जाते. बातम्यांत आकड्यावरच भर राहिला. आमच्या मते खरी ठेच आकड्याला लागलेली नव्हती. दोनच्या जागी आठ दिल्या असत्या आणि माणसे त्यांची त्यांना निवडू दिली असती, तर कदाचित वेगळे घडले असते. आमचे प्रतिनिधी तुम्ही नेमणार, ही गोष्ट त्या माणसांना गिळवेना. कारण गोऱ्या जमीनदाराने दाखवलेला 'चांगला काळा माणूस' त्यांनी जन्मभर पाहिला होता.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण मतदान संयुक्त झाले. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत आणि त्यांतून सर्वांनी एक निवडावा, ही प्राथमिक फेरी आंबेडकरांनी त्यात घालून घेतली, तीही दहा वर्षांपुरती. जागा किती, या प्रश्नात ते जिंकले होते. जागेवर कोण, या प्रश्नात आपण हरलो असे त्यांनी पुढे काँग्रेसवरील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. दोन देशांची परिस्थिती सारखी नव्हती आणि ओढूनताणून ती सारखी करू नये. पण हेमरबाईंचा नकार समजायला कोलंबियात शिकलेल्या आपल्या माणसाचा अनुभव उपयोगी पडतो, एवढेच.

त्या अधिवेशनाचा शेवट विलक्षण झाला. तडजोडीतली शपथसुद्धा मान्य नसल्यामुळे मिसिसिपीचे बहुतेक गोरे प्रतिनिधी उठून गेले. फ्रीडम पार्टीच्या लोकांनी इतर राज्यांतील सहानुभूतीदारांचे प्रवेशपत्र मागून घेतले आणि ते मोकळ्या खुर्च्यांवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तिथल्या खुर्च्याच उचलून नेलेल्या होत्या. मग ते उभे राहिले. घरी गेल्यावर हीच माणसे जॉन्सनच्या प्रचाराला लागली, आणि नोव्हेंबरात मिसिसिपीच्या गोऱ्यांनी सत्त्याऐंशी टक्के मतांनी रिपब्लिकन गोल्डवॉटरला निवडले. देशात मात्र जॉन्सन चव्वेचाळीस राज्यांत जिंकला. जे राज्य हातातून जाऊ नये म्हणून आपल्या निष्ठावंतांना परत पाठवले, ते राज्य आधीच गेलेले होते.

गोल्डवॉटरचे नाव निघाले म्हणून त्याच्या पक्षाविषयी. नागरी हक्क कायद्याच्या बाजूने सिनेटमध्ये सत्तावीस रिपब्लिकनांनी मत दिले आणि केवळ सहांनी विरोध केला. डेमोक्रॅटांत विरोधक एकवीस होते. तरीही त्या सहांपैकी एकाला पक्षाने उमेदवार केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, जो मनाने रिपब्लिकन आणि १९६० साली निक्सनचा प्रचारक, त्याने आजूबाजूचे वातावरण पाहून हिटलरच्या जर्मनीतील ज्यूला काय वाटले असेल ते आपल्याला कळले असे म्हटले. काळ्यांतील पक्षाचे मत बत्तीसवरून सहा टक्क्यांच्या आसपास आले आणि त्या घसरणीतून तो पक्ष अजून पुरता सावरलेला नाही. २००५ साली पक्षाध्यक्ष केन मेलमन यांनी काळ्यांच्या सर्वात जुन्या हक्कसंघटनेच्या अधिवेशनात जाऊन, वांशिक तेढीचा राजकीय फायदा घेणे ही चूक होती, अशी कबुली दिली. कबुली प्रामाणिक असावी. पण ऐकणाऱ्यांना द्यायला तिच्यासोबत काही नव्हते. २०१३ साली पराभवाच्या चिकित्सेसाठी याच पक्षाने मोठा अहवाल तयार केला, त्यात अल्पसंख्यांशी संपर्क वाढवा, स्थलांतरितांविषयी धोरण मवाळ करा, अशा शिफारशी होत्या. २०१६ साली नेमके उलटे बोलणारा उमेदवार उभा राहिला आणि जिंकला. आणि खरा धक्का पुढेच आहे: २०२४ साली त्याच उमेदवाराने टेक्साससीमेवरील स्टार परगणा जिंकला, जिथली जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आहे आणि जिथे शतकाहून अधिक काळ रिपब्लिकन जिंकला नव्हता. संपर्कविभागाच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी दोन्ही पक्षांत या निकालाचा नीट विचार केलेला आम्हांला तरी दिसत नाही. आम्ही त्यातून एवढेच वाचतो की कोणताही समाज सदासर्वकाळ कुणाच्या खाती जमा नसतो. महागाई, रोजगार, सीमेवरची शांतता ही त्याचीही काळजी असते, आणि 'तुम्ही आमचेच' हे वाक्य ऐकून तो कंटाळतोही.

अ‍ॅटलांटिक सिटीतून निघालेल्या दोन वाटा वेगवेगळ्या दिशांना गेल्या. एक वाट पक्षाबाहेर गेली. स्टोकली कार्मायकल आणि त्याचे सोबती अलाबामाच्या लाउंडेस परगण्यात उतरले. तिथे बहुसंख्या काळ्यांची, पण १९६५ च्या आरंभी मतदारयादीत एकही काळा नाही. त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी त्या राज्यात प्रत्येक पक्षाला चित्रचिन्ह लागे, जसे ते आपल्याकडे लागते. डेमोक्रॅटांचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंडेसच्या पक्षाने काळा चित्ता घेतला. ती निवडणूक ते हरले. पण १९६६ साली ओकलंडच्या तरुणांनी तो चित्ता उचलला, आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने तोच प्राणी नावात घेतला. दलित पँथरची कुळकथा सांगताना आपण ओकलंडपाशी थांबतो; तिचे एक टोक अलाबामाच्या मतपत्रिकेवर आहे.

दुसरी वाट नियमांची, अनाकर्षक, म्हणून तिच्यावर फारसे लिहिले जात नाही. १९६५ च्या मताधिकार कायद्याने मिसिसिपीतील काळ्यांची नोंदणी सुमारे सात टक्क्यांवरून दोन वर्षांत साठ टक्क्यांच्या घरात गेली. १९६८ साली आश्वासन पाळले गेले: अधिकृत मंडळ नाकारून मिश्र मंडळ घेतले गेले, हेमरबाई त्यात बसल्या आणि सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले. त्यानंतरच्या सुधारणासमितीने प्रतिनिधींत अल्पसंख्य, स्त्रिया आणि तरुण यांचे प्रमाण लोकसंख्येशी सुसंगत असावे असा नियम केला. १९७२ साली या नियमाच्या बळावर शिकागोच्या महापौर डेलींचे मंडळ बाहेर काढण्यात आले. ते करायला हवे होते की नाही, याविषयी आमचे मन अजून साशंक आहे. मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत निवडलेली माणसे प्रमाणाच्या हिशेबाने बाद करणे आणि मिसिसिपीत दार बंद करणाऱ्यांना बाद करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या वर्षी मॅकगव्हर्न एकोणपन्नास राज्यांत हरला. त्याला अनेक कारणे होती, पण पक्षाच्या जुन्या गोऱ्या कामगाराला आपली खुर्ची कुणीतरी उचलून नेली असे वाटले, हेही एक असावे.

प्रमाणाच्या कोष्टकापेक्षा अधिक परिणामकारक ठरला तो मतमोजणीचा एक रूक्ष बदल. जेसी जॅक्सन १९८८ साली सुमारे सत्तर लाख मते मिळवूनही उमेदवारी हरले. त्यांच्या माणसांनी समेटाच्या बोलण्यात पदे मागितली असतील. पण त्यांनी मिळवलेली टिकाऊ गोष्ट म्हणजे राज्यात पहिला येईल त्याला सगळे प्रतिनिधी देण्याची पद्धत बंद होऊन मतांच्या प्रमाणात ते वाटले जाणे. वीस वर्षांनी, २००८ साली, ओबामा मोठी राज्ये हरूनही क्लिंटनबाईंच्या पुढे राहू शकले ते बऱ्याच अंशी या हिशेबामुळे. नियम कुणा एका वंशासाठी केलेला नव्हता, तो कुणी नेमणूक म्हणून दिलेलाही नव्हता.

हेमरबाई राजकारणात राहिल्या, राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहून हरल्या, सनफ्लॉवर परगण्यात सहकारी शेती काढली, गरीब कुटुंबांना डुकरिणी देऊन पिलांच्या रूपाने परतफेड घेणारी 'डुक्कर बँक' चालवली, आणि १९७७ साली वारल्या. मिसिसिपीत आज काळ्यांचे प्रमाण कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, सदतीस टक्क्यांच्या वर आहे. गोरे बहुतांश एका पक्षात आणि काळे बहुतांश दुसऱ्या. १८९० च्या राज्यघटनेत आणखी एक तरतूद होती: राज्यव्यापी पदासाठी बहुमताबरोबर विधानसभेच्या बहुसंख्य मतदारसंघांतही आघाडी हवी. ती तरतूद मतदारांनी २०२० साली रद्द केली. २०२३ च्या निवडणुकीपर्यंत तरी त्या राज्यात, पुनर्रचनेच्या काळानंतर, एकही काळा उमेदवार राज्यव्यापी पदावर निवडून आलेला नव्हता.